आईला न घेता येणारं नाव

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. दीड एकर शेत होतं, धानाची बांधी, पण सातबारा बाबांच्याच नावावर. ती बांधी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वाहू-पेरू लागले. "कागद होईपर्यंत," म्हणाले. आणि आई लोकांकडे मजुरीने रोवण्याला जाऊ लागली. आपल्याच बांधीच्या धुऱ्यावरून चालत जाऊन दुसऱ्याच्या चिखलात वाकायची. घरी कण्यांचा भात, तिखट-मीठ.

कागद झाला नाही, कारण आई नवऱ्याचं नाव घेत नसे.

बाबांचं नाव एका वारावरून ठेवलेलं. लग्न झाल्यापासून तो वारसुद्धा आईने उच्चारला नव्हता. त्या दिवशी गावात बाजार भरायचा, म्हणून ती त्याला 'बाजाराचा दिवस' म्हणायची. आम्हाला यात काही वावगं वाटत नसे. साऱ्याच बायका तशा.

वारसांची नोंद करायला मोठे बाबा तिला तलाठ्याकडे घेऊन गेले. मी सोबत होते. तलाठ्याने विचारलं, "मयताचं नाव?" आईने पदर तोंडाशी नेला.

"काहो बाई, नवऱ्याचं नाव मालूम नाई का?"

तलाठ्याने पेन खाली ठेवलं.

"मंग उखाणा घ्या!"

रांगेतली माणसं हसली. पंधरा दिवसांची विधवा होती ती. हसणाऱ्यांत मोठे बाबाही होते, हे मी विसरलेले नाही. मग नाव त्यांनीच सांगितलं, घरात हाक मारायचं. मृत्यूच्या दाखल्यावर ते वारावरून ठेवलेलं होतं. अर्ज परत आला. चूक होती की चलाखी, मला आजही ठाऊक नाही. पण त्यानंतर विषय निघाला की त्यांचं एकच: "साधं नवऱ्याचं नाव घेता येत नाई, अन् म्हणे शेती करते!"

म्हणजे नाव घेतलं तर निर्लज्ज, नाही घेतलं तर अडाणी. ज्या घराने तिला गप्प राहायला शिकवलं, तेच घर तिच्या गप्प राहण्यावर धान पिकवून खात होतं.

मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली. निकाल लागल्यावर आधी काय केलं असेल तर तो अर्ज नव्याने दिला. मोठ्या बाबांनी हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी लागली.

आदल्या दिवशी मी आईवर ओरडले, "एक नाव तर घ्याचं हाये! काहून एवढी भेतेस व माय?"

"मले समजते सारं, बाई," ती म्हणाली. "पण जीभच उचलत नाई. नवी नवी होतो तवा एकदा चुकून निंगालं, तं तुया आजीनं चुलीतलं लाकूड लावलं होतं ओठाले."

हे मला माहीत नव्हतं. माझा राग तिच्यावरून उठला. तो अजून खाली बसलेला नाही.

सुनावणीत अधिकाऱ्याने मयताच्या नावाचा तोच प्रश्न आईला विचारला आणि बघितलं माझ्याकडे. मी तोंड मिटून घेतलं. मी सांगितलं असतं, तर मोठ्या बाबांत आणि माझ्यात फरक काय?

मोठे बाबा समोरच बसले होते. त्यांच्यापुढे आईने इतक्या वर्षांत कधी आवाज काढला नव्हता.

"बाई, घराची इज्जत ठेव जरा," ते म्हणाले.

"इज्जतीनं पोट भरते का, भाऊजी?" आई म्हणाली. आणि तिने नाव घेतलं, आडनावासकट. अधिकाऱ्याला नीट ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा घेतलं, मोठ्याने.

फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता आईचं आणि माझं नाव आहे, आणि बांधी आम्ही दोघी वाहतो.