दिसेल ते बाईंना सांगायचं

वीज चमकली की बाई बोलता बोलता थांबायच्या आणि मोजू लागायच्या. समोर सरपंच असो की जावई, गडगडाट ऐकू येईपर्यंत त्याने गप्प बसायचं. आकडा तिसाच्या आत आला की त्या उठायच्या, "चला, पक्क्या छताखाली."

आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. मी त्यात दोनदा नापास. निवृत्तीनंतर वादळाची खबर द्यायला त्यांनी तिसगावच्या आसपासचे आठ जण तयार केले. माझ्या खताच्या दुकानाला गच्ची आहे, एवढीच माझी पात्रता. आम्ही बाईंना फोन करायचा, बाई लगेच देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगायच्या. "तुला काय वाटतं ते बायकोला सांग. मला दिसतं ते सांग. कुठल्या दिशेला, किती वाजता."

माझी पहिलीच खबर : पश्चिमेला वादळ. लोकांनी काढलेल्या कांद्यावर धावतपळत प्लास्टिकचे कागद टाकले. वादळ म्हणजे खडी क्रशरची धूळ निघाली. भर उन्हात कागदाखाली कांदा उकडला. त्यानंतर मी दिसलो की कुणीतरी विचारायचंच, "काय वेधशाळा, आज धुनं वाळत घालू का?"

म्हणून पुढच्या वैशाखात, भर दुपारी डोंगरामागून ढग ऐरणीसारखा माथा पसरत वर आला, तेव्हा मी फोन हातात धरून नुसता उभा राहिलो. समोरच्या रानात बारा बायका काढलेल्या कांद्याची पात कापत होत्या. वारा पडला होता. अजून जरा पाहू, म्हटलं. दहा मिनिटं पाहिलं. वीज चमकली, बायका कडुलिंबाखाली जाऊ लागल्या, तेव्हा कुठे फोन लावला.

"झाडाखालून निघा, शाळेत चला," भोंगा ओरडला. अकरा जणी पोचल्या. मागे राहिलेली पारूमावशी लिंबापासून थोडी दूर आली असेल, तेवढ्यात झाडावर वीज पडली. मावशी फेकली गेली. वाचली, पण डावा कान गेला.

शाळेच्या व्हरांड्यात बाईंनी विचारलं, "ढग कधी दिसला?"

"आत्ताच."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

"दहा मिनिटं झाली होती, बाई. लोक पुन्हा हसतील म्हणून..."

"हसू दे की. हसायला माणसं तर उरतील." मग म्हणाल्या, "मावशीला तूच सांग."

दवाखान्यात मी कबुली दिली ती नेमकी डाव्या कानाशी. उजवीकडे जाऊन पुन्हा द्यावी लागली. मावशी एवढंच म्हणाली, "लई उशीर केला रं."

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. फोन आता मला येतात. या उन्हाळ्यात माझे दोन इशारे फुकट गेले. ढग शेवगावकडे निघून गेले. देवळाच्या पायरीवर हशा पिकला. कशाला हसतात ते पारूमावशीला उजव्या कानाशी जाऊन सांगावं लागलं. मग तीही पोटभर हसली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "उद्या बी सांग."