पोळ्याचा बार

बापाची बंदूक वाचवायला म्हणून मी निघाले होते. आमच्या शिवारातल्या सगळ्यांच्या बंदुका वाचल्या, बापाची तेवढी गेली. आता गावात गेलं की लोक माझं कौतुक करतात, आणि ते ऐकताना मला कुठे बघावं ते कळत नाही.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. माहेर तिवस्याकडचं. आई गेल्यापासून बाबा गावात एकटे राहतात, सत्तरी कधीच उलटलीय, गुडघे गेलेले. तरी तूर-हरभऱ्याच्या दिवसांत ते रोज जागलीला जायचे. जागल म्हणजे वावरात माळ्यावर बसून रात्रभर रानडुकरं हाकलायची. तरणे लोक डब्बे वाजवत, बोंबलत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळतात. बाबांना पळणं शक्य नव्हतं. पण त्यांच्याजवळ आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्याची. नळीत दारू घालायची, वर चिंधी, गजाने ठासायचं आणि आभाळाकडे एक बार काढायचा. छर्रा ते घालतच नसत.

"डुकराले काय माईत, आत छर्रा हाय का चिंधी," असं म्हणायचे.

त्या एका बारावर त्यांची आणि आजूबाजूची चार वावरं निभायची. बंदूक होती म्हणून म्हातारा स्वतःच्या वावराचा मालक होता. ती गेली की वावर दुसऱ्याला ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरल्या रकमेवर, देऊन ओट्यावर बसायचं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

निवडणूक आली की सगळ्या परवानेवाल्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. त्या खेपेला बंदुका परत आल्या, पण परवान्यांचं नूतनीकरण मात्र अडकलं. पीक संरक्षणाचे जुने परवाने आता बंदच करायचे, असं वर घाटतंय म्हणे. कचेरीत बाबांना सांगितलं, तारेचं कुंपण करा, झटका मशीन लावा. बाबा मला फोनवर म्हणाले, "मशीन लावा म्हंते. अन् मशीनचीच जागल कोन करन?"

मला राग लवकर येतो. शाळेत तो पोरांवर निघतो, घरी नवऱ्यावर. या वेळी तो सरकारवर निघाला, आणि त्यात मला भारी वाटलं. मी एक निवेदन लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'आमच्या बंदुकीतून आजवर हौसेखातर एकही बार उडालेला नाही.' गावोगावच्या परवानेवाल्यांच्या सह्या घेतल्या. आणि ठरवलं की प्रत्येकाने आमदारांना स्वतः फोन करायचा. कागद फायलीत दडपता येतो, रोज वाजणारा फोन दडपता येत नाही, असं माझं गणित होतं.

फोन कसा करायचा तेही मीच शिकवलं. नाव सांगा, गाव सांगा, परवान्याचं सांगा, फोन ठेवा. पण आमच्याकडे आमदाराला फोन लागणं ही काय साधी गोष्ट आहे? लागला की माणूस तो एका कामावर वाया घालवत नाही. आमच्या धुऱ्याशेजारच्याने, त्याच्याकडेही परवाना आहे, माझ्यासमोरच फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग मुलीच्या लग्नाचं आवतन दिलं, मग साळ्याच्या बदलीचं सांगितलं. मी समोरून हाताने बंदुकीची खूण करतेय, तर हा म्हणतो, "हो साहेब, ठेवतो मंग."

"अन् परवान्याचं?"

"ताई, पैल्याच फोनात सारं सांगितलं तं मानूस उबगते ना!"

मी कपाळावर हात मारला. पण फोन होत राहिले. पुढे एक मोठे नेते अकोल्याला येणार कळलं, तेव्हा सुट्टी टाकून मी तिथेही गेले. मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभीच होते. विश्रामगृहाबाहेर त्या जिल्ह्यातले परवानेवालेही भेटले, धोतरातले म्हातारे आणि मध्ये मी एकटी पर्सवाली. आतल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचा काय संबंध बंदुकीशी?"

मी म्हटलं, "माझ्या शिक्षणाचा तुरीशी जेवढा, तेवढा." तो हसला आणि निवेदन घेतलं. त्या एका उत्तरावर मी महिनाभर खूश होते.

आणि खरंच, काम हलायला लागलं. आमदारांचा निरोप आला की मी विषय मांडतो. त्याच सुमारास त्यांचा आमच्याच गावात सभामंडपाच्या भूमिपूजनाचा कार्यक्रम होता. हरभरा घाट्यांवर आला होता. गावाने ढोल, हार, शाल-श्रीफळ, सगळं केलं. आमदार माइकवर चांगलं बोलले. शेतकऱ्याची बंदूक म्हणजे गुंडाची बंदूक नव्हे, असंही म्हणाले. मग पुढच्या रांगेत बसलेल्या बाबांकडे पाहून हसत म्हणाले, "काकाजी, तुमचा पोळ्याचा बार लय नामी असते म्हंतात. मंग आमच्याच नशिबात नाई काय?"

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या गावात पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून होतात, आणि मग बंदुकीचा एक बार होतो. बार झाला की तोरण तुटतं आणि बैल सुटतात. आजोबांनंतर तो बार बाबांचा. कोणी मोठा पाहुणा आला तरी कधी कधी तोच मान दिला जायचा. निवेदनात हौसेचा एकही बार नाही असं लिहिताना मला पोळा आठवलाच नव्हता. आठवला असता तरी मी तेच लिहिलं असतं, कारण तो बार आम्ही कुणी हौसेत धरतच नव्हतो. हौस निराळी, मान निराळा. सरकारच्या कायद्यात दोन्हींना एकच कलम आहे, हे त्या मांडवात बसलेल्या एवढ्या लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमदारांच्याही आलं नसेल, असं मी अजून मनाला समजावते.

बाबा उठले. काठी टेकत घरी गेले. सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबला, ढोलवाले गप्प, आमदार हातात नारळ घेऊन उभे. ते बंदूक खांद्याला लावून परत येत होते तेव्हा लोकांनी आपोआप वाट दिली. पायांत लंगड होती, पण मान ताठ. त्यांनी आभाळाकडे बार काढला. मांडवावरची कबुतरं उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात मी. अभिमानाने माझे डोळे भरून आले होते. आज लाज वाटते ती नेमकी त्या टाळ्यांची.

संध्याकाळी आमदारांच्याच माणसांनी तो बार गाणं लावून मोबाइलवर सगळीकडे टाकला. 'जंगी स्वागत.' त्यातून आमदारांचं बोलणं तेवढं कापलं होतं. म्हातारा येतो, बंदूक उचलतो, धडाम. दोन दिवसांत विरोधकांनी तो उचलला, आचरटपणा म्हणून पेपरात आला. आमदारांच्या माणसांनी टाकलेलं काढून घेतलं, पण तोवर ते सगळ्यांच्या फोनात जाऊन बसलं होतं. मग बाबांना नोटीस आली, परवाना रद्द का करू नये म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी आमदारांना फोन लावला. लोकांना शिकवलं होतं तस्साच. नाव सांगितलं, गाव सांगितलं, परवान्याचं सांगितलं.

"ताई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाकडून होते भावनेच्या भरात. बाकीच्यांचं मी करून देतो, शब्द हाय माझा. या एकाचं मात्र मले बोलू नका."

"साहेब, पण तुम्हीच—"

"ताई, बाकीच्यांचं अडेल मंग."

मी तो फोन बाबांपासून लपवला नाही, त्याच दिवशी गावी जाऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, मी जबाबात खरं काय ते बोलणार, मांडवात एवढी माणसं होती, सगळ्यांनी ऐकलंय. बाबा बंदुकीला तेल लावत बसले होते. त्यांनी चिंधी पुन्हा तेलात बुडवली, आणि मला वाटलं, त्यांना पटलंय.

जबाबाच्या दिवशी ठाण्यात मी बाबांच्या शेजारी बसले. समोरच्या साहेबांनी विचारलं, "बार काढायला कोणी सांगितलं?" मी तोंड उघडलं तेवढ्यात बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, घसा कोरडा पडला. पानी आन बरं."

माझा बाप मला लहानपणापासून बाई म्हणतो. आणि बापाने पाणी मागितल्यावर मुलगी बसून राहत नाही. मी उठले. बाहेरचा रांजण रिकामा होता, म्हणून रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून ग्लास भरून आणला. परत आले तर बाबा सही करत होते. लिहिणाऱ्याने शेवटची ओळ वाचून दाखवली: 'मला कोणीही सांगितले नाही. मी माझ्या हौसेने बार काढला.'

मी तिथेच म्हणाले, "हे खोटं आहे." साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पोरीची मया हाय, साहेब. बाहीर होती ते." आणि ग्लासातलं पाणी शेवटपर्यंत प्यायले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. रस्त्यावरच चिडले, लोक बघत होते. हौस कावून म्हणाले, असं विचारलं. त्यांनी काठीने समोरचा दगड बाजूला केला.

"मान म्हंलं असतं तं त्याईनं इचारलं असतं, कोनाचा मान? मंग आमदाराचं नाव आलं असतं. पंधरा-वीस घरचे परवाने त्याच्या हातात हायेत. माहं तं झालं. त्याईचं कावून बुडवतं?"

"आणि तुमचं?"

"माहे गुडघे तसेई गेलेच हायेत," असं म्हणून ते बसथांब्याकडे चालू लागले.

आमदारांनी शब्द पाळला. बाकी सगळ्यांचे परवाने नवे होऊन आले. अशी कामं कशी होतात ते मला तेव्हा समजलं. एक बेजबाबदार माणूस दाखवता आला की उरलेले आपोआप जबाबदार ठरतात. बाबांनी बंदूक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठाण्यात नेऊन दिली. लुगडं परत आणलं.

पाडव्याला वावर ठोक्याने गेलं. घेतलं कोणी, तर त्याच धुऱ्याशेजारच्याने. तो वाईट माणूस नाही. बाबांपुढे उकिडवा बसून म्हणाला, "काकाजी, दुसऱ्याले देण्यापरीस मलेच द्या. माह्याजवय बंदूक हाय." बाबांनी दिलं. सांगताना फक्त एवढं म्हणाले की चिंधी ओली वापरू नको.

पोळ्याला मी गेले नसतेच, पण बाबांनी फोन करून बोलावलं. तोरणाखाली बैल उभे होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आधी सरपंचांनी मला पुढे घेऊन शाल पांघरली. या बाईच्या फोनांनी आपल्या बंदुका राहिल्या, म्हणाले. टाळ्या झाल्या. बाबा पारावर बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते. बाप कौतुकाने वाजवतो तशाच, मनापासून. त्यांच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. ती शाल भर उकाड्यात खांद्यावर घेऊन मी उभी होते आणि मला वाटत होतं, कोणीतरी एक शिवी द्यावी.

झडत्या संपल्या. सगळं गाव सवयीने गप्प झालं, बाराची वाट पाहत. परवानेवाले सगळे हजर होते, पण यापुढे कोणी बार काढायचा नाही हे ठरलेलं होतं. लोकांचे डोळे मात्र आपसूक पाराकडे वळले. बाबांनी खाली पाहिलं नाही. ते काठीवर उठले, पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"यंदापासून बाराच्या जागी नारय," ते मोठ्याने म्हणाले. "अन् मान माह्या पोरीचा. तिनं राखल्या साऱ्याईच्या बंदुका."

लोकांनी हो हो केलं. मला नाही म्हणायचं होतं. पण सगळ्या गावासमोर ते नारळ धरून उभे होते, दुसरा हात काठीवर, आणि तो नारळ फार वेळ तसा धरून ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. मी नारळ घेतला. दगडावर आपटला. तो फुटला नाही. पुन्हा आपटला, नुसता टपकन आवाज झाला. मागे पोरं हसली, बैल मान हलवू लागले. मला समोरचं नीट दिसतच नव्हतं.

बाबा माझ्या कानाशी वाकले.

"जोरात हान, बाई," ते म्हणाले. "बैलं बाराची वाट पायून राहिले."