झोळीसमोरचा कॅमेरा

बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पात मला नोकरी लागली ती अहिराणीमुळे. मी बीएस्सी झाले होते, पण ते कुणी विचारलंही नाही. वडिलांनी बमरोलीत आयुष्यभर कापडाचे लूम चालवले आणि घरात अहिराणी सोडून दुसरी भाषा बोलली नाही, ते माझं खरं क्वालिफिकेशन ठरलं. प्रकल्प चालवणाऱ्या मॅडमना ऊसतोडीच्या मजुरांशी बोलायचं होतं. मजूर धुळ्या-नंदुरबारकडचे, मॅडम कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठातल्या. दोघांच्या मधे बसवायला कुणीतरी हवं होतं.

कडोदऱ्याच्या पुढं लूमची खडखड संपते आणि ऊस सुरू होतो. बिबट्या त्या उसात राहतो, तिथंच त्याची पिल्लं होतात, आणि तोडणी सुरू झाली की फडाफडातून सरकत राहतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आम्ही ते शोधून काढणार होतो.

माझ्याकडं फॉर्म होता. 'बिबट्याबद्दल तुमची भावना एक ते पाच या अंकांत सांगा.' पहिल्याच बाईनं विचारलं, "पाच मोठा का एक मोठा?" मी पाच मोठा म्हणून सांगितलं. तिनं पाच सांगून टाकला, मला मोकळं करायला. पुढचा प्रश्न सहअस्तित्वाचा होता. त्याला अहिराणीत शब्द नाही, म्हणून मी सरळ विचारलं, वाघासोबत राहायला आवडतं का; बिबट्याला ते वाघच म्हणतात. सगळ्या बाया कोयते खाली ठेवून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "आम्हले काय इचारस, त्याले इचार." मी 'उत्तर नाही' या चौकटीत टिक केली. मॅडम अशा टिकांवर फार नाराज व्हायच्या.

प्रश्नांबरोबर कॅमेरेही होते. बिबट्याच्या वाटेवर, झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधायचे. समोरून काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. आत एक कार्ड असतं आणि आम्ही ते पंधरा दिवसांनी काढून आणतो. मधल्या काळात कॅमेऱ्यात काय आलं ते कुणालाच कळत नाही. मॅडमना तेच तर आवडायचं. कार्ड उघडायच्या दिवशी त्या ऑफिसात खमण मागवायच्या.

कालव्याकडेच्या बाभळीला कॅमेरा बांधत होते, तेव्हा एक तरुण बाई येऊन उभी राहिली. काखेत सात-आठ महिन्यांचं पोर. तिनं विचारलं, "ताई, यामा कोन देखस?" मला उशीर झाला होता, ऊन लागत होतं, पट्टा बसत नव्हता. मी म्हणाले, "साहेब लोक देखतस." ती "बरं" म्हणाली आणि गेली. कार्ड, पंधरा दिवस, हे सगळं तिला समजावत कोण बसणार, असं मला वाटलं होतं. दिवसभर मी बायकांना बावीस प्रश्न विचारत होते, आणि मला एका प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही.

तिचा नवरा आधी दोन वर्षं कडोदऱ्यात लूमवर होता, हे मला नंतर कळलं. तिथं कारखान्यात कॅमेरे असतात. शेठ घरी बसून मोबाइलवर बघतो, आणि कारागीर बिडी प्यायला टेकला की दुसऱ्या मिनिटाला फोन येतो. कॅमेरा म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. पलीकडं माणूस बसलेला असतो. शेठ बिडी पाहतो, तर साहेब वाघ पाहणारच, आणि पाहिला की फोन करणारच.

पंधरा दिवसांनी कार्ड उघडलं. खमण आलं होतं. सुरुवातीला कुत्री, रानडुकरं, मग सायकलवाला. पुढं रोज एकच चित्र: कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी. ती तरुण बाई आधी झोळी उसाच्या ट्रकजवळ बांधायची, हे मी पाहिलं होतं. आता मुद्दाम इथं आणली होती, साहेबांच्या नजरेसमोर. आणि एका फोटोत, दिवस मावळतानाच्या उजेडात, झोळीच्या मागून दोन हातांवरून बिबट्या चालला होता. मान सरळ, झोळीकडं लक्षही नव्हतं. झोळीतून एक पाय बाहेर आलेला.

"वाह!" मॅडम म्हणाल्या. "कोएक्झिस्टन्स! एका फ्रेममध्ये!" सगळे खुर्च्या सोडून स्क्रीनभोवती गोळा झाले. प्रकल्पाच्या कार्यशाळेच्या पोस्टरवर हाच फोटो, असं तिथंच ठरलं. हातातलं खमण मी खाली ठेवलं. मी म्हटलं, त्या बाईला सांगायला हवं. मॅडम म्हणाल्या, "लोकेशन सांगायचं नाही, प्रोटोकॉल आहे. लोक घाबरतात आणि प्राण्याला त्रास देतात." प्रोटोकॉलमध्ये झोळीचा उल्लेख नव्हता. मी ते बोलले नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फडावर गेले. झोळी तिथंच होती. त्या बाईला बाजूला घेऊन सांगितलं की कॅमेऱ्यात कोणीच बघत नाही, फोटो पंधरा दिवसांनी दिसतात, आणि वाघ इथूनच जातो. मी चुकीचं सांगितलं होतं, हेही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती कॅमेऱ्याकडं पाहत राहिली.

"मंग तू बस आठे," ती म्हणाली. "तू देख."

मी फॉर्म पिशवीत घातले आणि दिवसभर झोळीपाशी बसले. दुपारी मॅडमचा फोन आला, किती फॉर्म झाले? मी म्हटलं, एकही नाही, मी झोळी हलवतेय. त्यांना नेटवर्क खराब आहे असं वाटलं.

संध्याकाळी ती आली. "सकाय येशी ना?" उद्या येते म्हणून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पोस्टरच्या कामाला बोलावलं आणि मी गेले. तिसऱ्या दिवशीही. नोकरी होती, पक्की व्हायची होती. फडावर गेले तेव्हा आठवडा उलटला होता. बाभळीला झोळी नव्हती. ती पोराला पाठीशी बांधून ऊस तोडत होती. वाकली की पोराचं डोकं तिच्या खांद्यावर आपटायचं आणि ते रडायचं. मी हाक मारली. तिनं ऐकली, कारण कोयता क्षणभर थांबला. मग ती पुढच्या उसाला वाकली.