त्र्यंबकची हिरवी रेघ

त्र्यंबक खांबेट्याला डोंबिवलीत लोक ‘तेजोमेघ मास्तर’ म्हणायचे. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त असायची. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली तो आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. मला आकाशात तेव्हाही रस नव्हता, आजही नाही. पण शेजार म्हटला की ऐकून घ्यावंच लागतं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यात राहून गेलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. तेजोमेघ म्हणजे दूर आकाशातला चमकणाऱ्या वायूचा ढग; तिथपर्यंत कुणी जाऊ शकत नाही, त्याचा तुकडा आणून तपासता येत नाही. आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त त्याचा प्रकाश. मग खगोलशास्त्रज्ञ तो प्रकाश लोलकातून नेऊन फोडतात. सूर्याचा किंवा कंदिलाचा प्रकाश फोडला तर सात रंगांचा सलग पट्टा मिळतो. विरळ, तापलेल्या वायूचा फोडला तर पट्टा नाहीच. काळोखात नुसत्या सुट्या रेघा, आणि प्रत्येक वायूच्या रेघा ठरलेल्या. तेजोमेघात अशी एक हिरवी रेघ सापडली, ती पृथ्वीवरच्या कशाशीच जुळेना. भल्याभल्यांना वाटलं, हे काहीतरी नवंच मूलद्रव्य आहे. पुढे कळलं, तो आपला रोजचाच प्राणवायू. फक्त इतका विरळ की तसा इथे करताच येत नाही.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही? न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, घरमालकाला भाडं देताना सांगितलं. चाळीत एकच रेडिओ होता आणि तो खरखरायचा. त्र्यंबक म्हणाला, या खरखरीत थोडीशी आकाशगंगेचीही असेल, कारण तिथून नुसता प्रकाश येत नाही, रेडिओच्या लहरीही येतात. त्यावर कुणीतरी म्हणालं, मास्तर, तिला जरा गप्प बसायला सांगा, बातम्या लागल्यात. तोसुद्धा हसला, पण फार नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची ती हिरवी रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. दाढीची दोन पाती समोरासमोर बसवून त्याने बारीक फट तयार केली, तिच्यामागे शाळेतला लोलक लावला आणि ते सगळं जुन्या बाजारातून आणलेल्या दुर्बिणीला जोडलं. दर हिवाळ्यात तो चाळीमागच्या विहिरीजवळ उभा राहायचा आणि दर हिवाळ्यात हात हलवत परत यायचा. दुर्बीण लहान, प्रकाश पुरत नव्हता. मग पंचावन्न साली ठाण्याच्या एका निवृत्त मामलेदारांच्या घरच्यांनी त्यांची मोठी, उत्तम दुर्बीण शाळेला दिली. आता काम झालंच, असं आम्हां सगळ्यांना वाटलं.

त्याच वर्षी तो फळ्यावर लिहिताना ओळीवर ओळ लिहायला लागला. लोक म्हणाले मोतीबिंदू असेल, काढून टाका. ठाण्याला डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो होतो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. परतताना गाडीत त्र्यंबकने मला एवढंच विचारलं की पुढच्या माघात मृग वर येईपर्यंत टिकेल का. मला राग आला. नोकरीचं काय, घराचं काय, हे सोडून या माणसाला माघाची काळजी.

छप्पन्नच्या माघातली अमावास्या. दिवेलागण होऊन गेली होती, मृग डोक्यावर आला होता. त्र्यंबकला तीन ताऱ्यांचा बाणही नीट दिसेना, म्हणून त्याने तोंडी सांगितलं तसा मी दुर्बीण फिरवत गेलो आणि तो धुरकट ठिपका धरून दिला. त्याने लोलक बसवला आणि डोळा लावला. खूप वेळ तो हललाच नाही. मग मला म्हणाला, तू बघ. मी बघितलं. मला काळोख दिसला. सरकारी नोकरीत असूनही मला खोटं बोलता येत नाही, तेव्हा मी सांगितलं की काही दिसत नाही. तो विहिरीच्या कठड्यावर बसला. इतका खचलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याची बायको वासंतीवहिनी जेवायला बोलवायला आल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, हातातला कंदील पदराआड केला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

“दिसतंय की हो,” त्या म्हणाल्या.

त्र्यंबक ताडकन उठला. “काय दिसतंय?”

“रंग. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. अगदी इंद्रधनुष्यासारखे. फार सुरेख आहेत.”

तानापिहिनिपाजा. लहानपणी शाळेत पाठ केलं होतं तसंच, एकही रंग न गाळता. तेजोमेघ आणि सात रंग! चाळीतल्या कुणालाही हे खोटं कळलं असतं.

“बरोबर,” त्र्यंबक म्हणाला. “हेच बघायचं होतं मला.”

वहिनी खूश झाल्या. त्या रात्री त्यांनी शिरा केला आणि मलाही वाटीभर आणून दिला. मला तो गिळवेना.

पावसाळ्याच्या आत त्याची नजर पुरती गेली. शाळेतली नोकरी सुटली. हेडमास्तरांनी दुर्बीण मात्र त्याच्याकडेच राहू दिली. दर हिवाळ्यात निरभ्र संध्याकाळी वहिनी ती स्वतः विहिरीपाशी न्यायच्या, त्याला स्टुलावर बसवायच्या, कुठेतरी आकाशाकडे नळी रोखायच्या आणि सात रंग सांगायच्या. तो मान डोलवायचा. तीन वर्षं मी हे बघितलं. एकोणसाठच्या हिवाळ्यात मला राहवलं नाही. एका संध्याकाळी त्याच्या खोलीत मी त्याला म्हटलं, अरे, किती दिवस हे नाटक? सांगून टाक वहिनींना.

“सगळ्या डोंबिवलीला सांगितलं रे,” तो म्हणाला. “न्हाव्यालासुद्धा. हिला तेवढं कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, हिला काय करायचंय. तेव्हा सांगितलं असतं, तर त्या दिवशी हिने एकच हिरवी रेघ सांगितली असती, आणि मी विश्वास ठेवला असता.”

“मग आता सांग.”

“आता सांगितलं तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हे तिला कळेल. मग ती काय करेल?”

तेवढ्यात बाहेरून वहिनींनी हाक मारली, आकाश अगदी मोकळं आहे, येताय ना. तो “आलो, आलो” म्हणाला आणि भिंत चाचपत उठला.