एक रिंग, दोन रिंगा

आमच्या अंबडकडच्या गावात, चौकातल्या चहाच्या टपरीवर आम्ही पाच म्हातारे बसायचो. आता चार. पोरांनी आपापले जुने मोबाईल आमच्या गळ्यात मारले तेव्हापासून असलं काही साचत गेलं, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चहा उतरत न्हाई. ज्याचं त्याचं कौतुक निराळं. बोलायला मात्र कोणीच वापरत न्हाई!

नामदेवला लागतो निस्ता टॉर्च. एकदा गोठ्यात वासराच्या खुरातला काटा बघत होता, तेवढ्यात जावयाचा फोन आला. नामदेव खेकसला, "टॉर्चवर कोण फोन करून राह्यलं!" अन् बंदच केला.

सोपानच्या फोनात लेकीनं भजन टाकून दिलं. फोन वाजला की हा डोळे मिटून टाळ्या वाजवतो. उचलत न्हाई!

"अरे, लेक असंल तुझी!" दगडू चिडायचा. त्याचा स्वतःचा पोरगा दोन दिवाळ्या झाल्या, पुण्याहून आलाच नव्हता.

"असू दे. देवाचं मधीच तोडू का?"

लेक तिकडं रडकुंडीला!

किसननं बैल विकला त्या दिवशी बैलाचा फोटो काढला. आता रोज दाखवतो. मी म्हणलं, "खऱ्याकडं इतकं पाह्यलं होतं का कधी?"

"ह्याला कडबा लागत न्हाई," म्हणतो, अन् धोतरानं काच पुसत बसतो.

माझ्या फोनात पोरानं अलार्म लावून दिला. बंद करायचा कोणालाच येईना. शेवटी फोन ज्वारीच्या कोठीत पुरला. आता पहाटं पाचला ज्वारी वाजती!

दगडूला लागायचा मिस कॉल. पोरानंच ठरवून दिलं होतं, "आबा, सांजच्याला एक रिंग द्या, म्हणजे बरं हाये. दोन दिल्या, की मी निघालोच." पैसा लागायचा न्हाई. दगडू रोज आमच्यासमोर एक रिंग द्यायचा अन् कापायचा.

मंग तापानं खाटेवर पडला. मी म्हणलं, "दे की दोन रिंगा!"

"त्याची हजरी कापतेत रे. उद्या बघू."

एक रिंग. कापला. चार दिवस बराबर तेच.

पाचव्या दिवशी त्याच्या पोराला मीच फोन लावला. रिंग न्हाई, बोलायचा फोन.

पोरगा आला तवर सगळं आटपलं होतं. ओट्यावर बसून मला मोबाईल दाखवत होता, रोजची एकेक रिंग.

"काका, आबानं दोन काऊन दिल्या न्हाईत? फुकटच होत्या की!"