तिसरं सुकाणू

मिस्त्रीचं तिसरं सुकाणू कारखान्याच्या दारातून बाहेर निघेना. उभं केलं तरी अडकलं, आडवं केलं तरी अडकलं. शेवटी चौकटीची एक फळी उचकटली तेव्हा कुठे ते धक्क्यावर आलं. तिथल्या रिकामटेकड्यांना आयतंच सापडलं. "मिस्त्री, नावेला सुकाणू लावताय की सुकाणूला नाव?" मिस्त्री कसला हसतोय! नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. मान खाली घालून बिजागऱ्या बसवत राहिला.

सगळी हयात त्याने नावा दुरुस्त करण्यात घालवली होती. गिऱ्हाइकाने मोठं सुकाणू मागितलं की तो झापायचा, "नाव एका बाजूला ओढते म्हणून सुकाणू वाढवू नका. पाण्यात दार धरल्यासारखं होईल, नाव रखडेल. खोट वर असते, वर बघा!" आणि जगाला असं शहाणपण शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या नावेचं सुकाणू आठ वर्षांत तीनदा वाढवलं. आता बोला!

याचं कारण त्याचा धाकटा भाऊ. तो शिडं शिवायचा, म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणत. गल्लीत दोघांची दुकानं समोरासमोर होती आणि दोघांत मिळून एक छोटी हौसेची नाव होती. मिस्त्री सुकाणूवर बसायचा, शिंपी शिडाची दोरी सांभाळायचा. आठ वर्षांपूर्वी शिंप्याने तिला नवं शीड शिवलं आणि पहिल्याच फेरीत नाव हट्टाला पेटली. शिडात वारा भरला की ती वाऱ्याकडे नाक वळवायची. सरळ न्यायची तर सुकाणूचा दांडा काखेत धरून ओढत बसावं लागे. दोरी सैल सोडली तर शीड नुसतं फडफडायचं. मिस्त्री म्हणाला, शीड बिघडलंय. शिंपी म्हणाला, सुकाणू लहान पडतंय. धक्क्यावर उतरताना, चारचौघांत, मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "तुला साधी कात्री धरता येत नाही, तू शीड काय शिवणार!" शिंप्याने दोरी खाली ठेवली आणि घरी गेला. तेव्हापासून दोघांत अबोला.

मिस्त्रीने लग्न केलं नव्हतं. दोन वेळा भावाकडे जेवायचा, ते सुटलं. कारखान्यावरच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीवर भावजयीने कधीतरी दिलेलं घड्याळ. तीही पुढे वारली. तेव्हा मिस्त्री चार माणसांच्या मागे उभा राहिला आणि एक शब्द न बोलता परतला. शिंप्याच्या माडीची खिडकी पाण्याकडे उघडायची. दर सुट्टीला मिस्त्री एकटाच नाव काढायचा आणि मुद्दाम त्या खिडकीसमोरून न्यायचा, दांडा काखेत, दोरी दुसऱ्या हातात, खांदा भरून येईपर्यंत. फार एकटं वाटायचं त्याला. पण ते सांगायचं तर ज्याला सांगायचं त्याच्याशीच बोलणं नव्हतं.

गुरुवारी पुतणी दारात उभी राहिली. लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, एरवी फोनवरच भेटणारी.

"मोठे काका, रविवारी दहाच्या गाडीने बाबांना घेऊन जातेय. कायमचं. आता त्यांना एकटं ठेवता येत नाही, त्यांचे..."

"घेऊन जा की. मला कशाला सांगतेस?"

"एकदा भेटा ना."

"तो आला तर मी काही दार लावून घेणार नाही."

"तेही अगदी हेच म्हणाले!" ती चिडून म्हणाली. "दोघांनाही एका खोलीत कोंडायला हवं." आणि तरातरा निघून गेली.

मिस्त्रीने बोटं मोजली. तीन दिवस. जायचं तर होतं, पण हरून कसं जायचं? त्याने मनाशी ठरवलं, आधी त्याच्या शिडातच खोट आहे हे सिद्ध करायचं आणि मग मोठ्या मनाने जाऊन त्याला माफ करायचं. असा हा शहाणा!

एवढ्या मोठ्या सुकाणूनेही नाव ओढली तर खोट शिडाचीच, असं म्हणत शुक्रवारी तो हे तिसरं सुकाणू लावून निघाला. नाव रखडली आणि तरीही ओढतच राहिली. शनिवारी पहाटेच त्याने एका नाववाल्याकडून तशाच मापाचं, चांगलं चालणारं शीड उसनं आणलं. भावाचं उतरवून ते चढवलं. आता धावेल बघा, असं तो स्वतःशीच म्हणाला. वारा भरला आणि नावेने नाक वळवलं, तस्सं, जरासुद्धा फरक नाही.

म्हणजे शीड बिघडलेलं नव्हतं. मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. किती तरी वेळ तो धक्क्याला बांधलेल्या नावेत बसून राहिला. मग जे काम तो दुसऱ्याच्या नावेवर पहिल्या पाच मिनिटांत करायचा, ते त्याने केलं. डोलकाठीच्या शेंड्यावरून दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. वजन येऊन टेकलं ते काठीच्या बुडापासून दीड वीत मागे.

काठी मागे कललेली होती. आणि ती कलवली कोणी? त्यानेच. नवं शीड आलं त्याच आठवड्यात त्याने नाव रंगवली होती आणि काठी जरा मागे कलली की नाव देखणी दिसते म्हणून तिला ताणून धरणारी पुढची तार सैल करून मागची ताणली होती. काठी मागे गेली तसं शीडही मागे गेलं, आणि नावेचा तोलच गेला. मिस्त्रीने तारा सोडल्या, काठी सरळ केली, भावाचं शीड पुन्हा चढवलं. दांडा नुसत्या दोन बोटांत धरून नाव सरळ चालली. त्याला रडू आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

तसाच, ओल्या पायांनी, तो समोरच्या दुकानात शिरला. शिंपी बांधलेल्या गाठोड्यांमध्ये बसला होता.

"काठी होती," मिस्त्री म्हणाला. "मीच कलवली होती. तुझं शीड चांगलं होतं रे."

"माहीत आहे, दादा. पुढच्याच वर्षी खिडकीतून कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारायला येशील म्हणून थांबलो. दुसरं सुकाणू लावलंस तेव्हा हसूही आलं आणि रागही आला."

"आणि हे तिसरं? हसलास की नाही?"

शिंप्याने एक गाठोडं बाजूला सारलं. "ते लोकांनी सांगितलं. मला आता पाण्यावर नुसतं पांढरं काहीतरी हलताना कळतं. दोन वर्षं झाली."

मिस्त्रीने मागे वळून दाराबाहेर पाहिलं. मधली गल्ली वीस पावलांची. दोन वर्षं तो त्या खिडकीसमोरून तोऱ्यात नाव नेत होता, आणि खिडकीतल्या माणसाला ती दिसतच नव्हती.

"मला कोणी सांगितलं नाही," तो पुटपुटला.

"पोरगी सांगत होती. तू तिला बोलू दिलं नाहीस."

रविवारी सकाळी मिस्त्रीने भावाला हाताला धरून नावेत बसवलं. या वेळी दोरी त्याने स्वतःकडे घेतली आणि दांडा भावाच्या हातात दिला. "बघ, ओढते का?"

शिंप्याने दांडा चाचपला, मग दोन बोटांत धरला. "नाही ओढत," तो म्हणाला. "छान चालतेय." वळणापर्यंत जाऊन ते परतले, कारण दहाची गाडी होती.

गाडी गेल्यावर मिस्त्री पुन्हा नावेपाशी आला आणि एकटाच निघाला. नाव सरळ चालली होती, हाताला काही काम नव्हतं. सवयीने त्याने माडीकडे बघितलं. खिडकी पुतणीने आतून लावून घेतली होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच ज्याच्यावर रागवावं असं त्याला कोणी उरलं नव्हतं, आणि मग तो मोठ्याने भावाला हाका मारायला लागला.