सात मीटर खोलीवरची वीट

माती तपासणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे वळीबाई म्हणत. ओल्या मातीचा गोळा काचेवर तळहाताने वळायचा आणि तीन मिलिमीटरपर्यंत बारीक होताना वळी कुठे तडकते ते बघायचं, ही चाचणी ती एकतीस वर्षं करत होती. मातीच्या नमुन्यांसाठी बोअर मारणाऱ्या गड्यांसोबत उन्हात उभं राहून, जमीन किती कठीण ते कळावं म्हणून हातोड्याचे ठोके मोजले ते वेगळेच. तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, हिच्याबरोबर रोज निम्मा प्लॉट घरात येतो.

थोरल्या साहेबांना तिची किंमत होती. ते वारले आणि खुर्चीत त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, बसले. यांच्या बुटाला चिखल लागलेला कोणी पाहिला नव्हता, पण परिषद एकही चुकलेली नव्हती. अशाच एका परिषदेहून ते जमिनीचं भाकीत सांगणारा प्रोग्रॅम घेऊन आले. त्याला जुन्या बोअरांची माहिती पाजली, की न खणलेली जमीनही तो चित्रात काढून दाखवायचा. दहा बोअरांच्या जागी तीन पुरे, असं साहेबांनी जाहीर केलं. चित्र होतं मात्र देखणं. पिवळा थर, तपकिरी थर, खाली निळाशार खडक. जमीन इतकी शिस्तीत झोपते, हे वळीबाईला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

मग एका तीन मजली शाळेचं काम आलं. मागच्या कोपऱ्याजवळच्या बोअरमधून, सात मीटर खोलीवरून, चिकणमातीच्या नमुन्यात विटेचा तुकडा निघाला. एवढ्या खाली वीट म्हणजे तिथे कधीकाळी खड्डा होता आणि कोणीतरी तो बुजवला होता. अशा भरावावर इमारत उभी केली तर ती खचणार. प्रोग्रॅमने तो नमुना चुकार ठरवून बाजूला टाकला आणि कोपऱ्याखाली कठीण थर रंगवून दिला.

वळीबाई केबिनमध्ये गेली. आणखी दोन बोअर घ्या म्हणाली.

"बाई, मशीनने बारा हजार बोअर पाहिलेत," साहेब मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "तुम्ही किती पाहिलेत?"

"त्या बारा हजारांत या प्लॉटवरचे तीनच आहेत, साहेब. आणि त्यातल्या एकाकडे तुमचं मशीन बघत नाही."

अहवालावर प्रयोगशाळेची सही तिची असे. सहीच्या जागी तिने विटेची हकिकत लिहिली, सही केली नाही आणि त्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवली. साहेबांनी पान बदललं. नवी सही त्यांच्या मेहुण्याने केली. त्याचं मातीचं ज्ञान कुंडीपुरतं होतं. वळीबाईची रवानगी जुन्या नमुन्यांच्या गोदामात झाली, तीही बढती म्हणून.

शाळेचे दोन मजले चढले. खांबाखांबावर सेन्सर होते, इमारत जराशी कलली तरी फोनवर आकडा यायचा. मागचा कोपरा खचू लागला. बारा मिलिमीटर, वीस, अडतीस. पहिले दोन आठवडे साहेब सेन्सर बिघडलाय असंच धरून चालले. मशीन चुकू शकतं, हे त्यांना नेमकं तेव्हा सुचलं. मग भिंतीला बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली आणि काम थांबलं. कोणाला इजा झाली नाही, ते केवळ नशीब.

साहेब पहिल्यांदाच गोदामात उतरले. वीट वरून बोअरमध्ये पडली असावी, एवढं लिहून द्या आणि उद्यापासून प्रयोगशाळेत या, असं त्यांचं म्हणणं. वळीबाईचा जीव त्या काचेसाठी तुटत होता. आठ महिने तिने मातीला हात लावला नव्हता.

"वरून पडलेली वीट सुटी निघते," ती शेवटी म्हणाली. "ही मातीत घट्ट रुतलेली होती. हा फरक मला तुमच्या वडिलांनी शिकवला. तुम्हाला शिकवायचा राहिला वाटतं."

दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन, ती प्रत घेऊन ती शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेली. साहेबांनी भेट दिलेलं रंगीत चित्र तिथे चौकटीत घालून टांगलं होतं. मुख्याध्यापिकेने कागद दोनदा वाचला, उठून चित्र उतरवलं आणि आता काय करायचं ते विचारलं.

"खणून बघायचं," वळीबाई म्हणाली.

दुसऱ्या कंपनीने नऊ बोअर घेतले. ठोके मोजायला शाळेतर्फे वळीबाई उभी. कोपऱ्याखाली वीटभट्टीचा जुना खड्डा निघाला. मागच्या खोल्या पाडल्या, खडकापर्यंत पाइल, म्हणजे काँक्रीटचे खांब, उतरवायचे ठरले.

त्याच वर्षी धाकट्या साहेबांनी परिषदेत 'सेन्सरमुळे टळलेली दुर्घटना' या विषयावर भाषण ठोकलं आणि मानाची ढाल मिळवली. नवऱ्याने पेपरातली बातमी तिला मोठ्याने वाचून दाखवली.

"सेन्सर चांगलेच आहेत," वळीबाई म्हणाली. "ढाल सेन्सरनाच द्यायला हवी होती."

शेवटचा पाइल त्या दिवशी उतरायचा होता. पेपर तसाच टाकून ती कामावर निघाली.